गड्ड्याचे फोटो कोणाचे?

दर जानेवारीत गड्डा यात्रा आली की फोटोंचा पूर येतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, नंदीध्वज, अक्षता सोहळ्याची गर्दी. संध्याकाळपर्यंत एकच फोटो दहा ग्रुपवर फिरलेला असतो आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. फार तर 'साभार : गुगल'. (हे गुगलराव कॅमेरा घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी कधी उभे होते कोण जाणे!)

हाच फोटो मराठी विकिपीडियावर चढवायला गेलं की मात्र अडतं. कोणी काढला? परवाना कोणता? मग आपली मंडळी चिडतात, "नेटवर पडलाय की, त्यात काय एवढं!" पण पडलेला म्हणजे टाकून दिलेला नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.

खरी कुरबुर वेगळीच आहे. काही जण मोठ्या मनाने म्हणतात, "घ्या, फुकट वापरा, फक्त धंदा करू नका." तर विकिमीडिया कॉमन्सवर ही अटही चालत नाही! ऐकणाऱ्याला हा अपमान वाटतो. मला मात्र हा नियम पटतो. कारण धंदा म्हणजे काय? शाळेच्या पोरांसाठी पुस्तक छापून पन्नास रुपयांना विकणारा प्रकाशक धंदाच करतो. सोलापूरवर पुस्तिका काढून छपाईचा खर्च वसूल करणाराही. या सगळ्यांना दार बंद करून फोटो 'मुक्त' कसा राहणार? त्यापेक्षा क्रिएटिव्ह कॉमन्सचा तो सोपा परवाना बरा: नाव द्या, आणि बदल करून काही नवं केलंत तर तेही याच अटीवर लोकांना द्या.

अर्थात, ज्याचं पोटच फोटोवर आहे त्याने नाही म्हटलं तर त्यात काही गैर नाही. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे त्याला आधीच सांगायला हवं. गोड बोलून सही घेणं मला पटत नाही.

आपला कायदा काही बाबतीत मात्र बराच उदार आहे. भुईकोट किल्ल्याचं सोडाच, पण नवी इमारत किंवा चौकात कायमचा बसवलेला पुतळा असला तरी त्याचा फोटो काढायला आणि छापायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही. ही सवलत भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तो चित्रकार हयात असेल तर परवानगी त्याचीच हवी.

आता जुन्या फोटोंचं बघा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या हयातीत काढलेल्या फोटोंवरचा हक्क केव्हाच संपला. आज असा फोटो कोणी स्कॅन करून कोपऱ्यात आपला शिक्का मारला, तर फोटो त्याचा होत नाही. असे शिक्के मारणारे पुष्कळ आहेत, आणि फुकट फॉरवर्ड करणाऱ्यांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग येतो.

आणखी एक, जे फारसं कोणाला ठाऊक नसतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, स्टुडिओवाला नाही. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत बसून काढून घेतलेला फोटो आजोबांचा, आणि त्यांच्यामागे घरच्यांचा. स्टुडिओवाल्याने हौसेने काढलेली गड्ड्याची मिरवणूक मात्र त्याची. घरात जुना अल्बम असेल तर एकदा उघडा, फोटो उलटून मागचा शिक्का आणि साल बघा, आणि आठवणारं माणूस घरात आहे तोवर कोण, कुठे, कोणी काढला हे पेन्सिलीने लिहून ठेवा.