आजोबांची पलटण कोणती?

नोव्हेंबर आला की इंग्लंडात कोटांवर लाल पॉपी दिसू लागतात आणि आपल्या मंडळात कुणीतरी म्हणतंच, "आमचे आजोबापण महायुद्धात होते." कोणत्या? "दुसऱ्या असावेत. बाबांना नीट माहीत होतं." पलटण? "मराठा." पुढे गाडी सरकत नाही. मग घरातलं एखादं हौशी पोरगं वंशावळीच्या संकेतस्थळाची वर्गणी भरतं, 'जाधव' टाकतं, आलेले ढीगभर जाधव बघून कंटाळतं आणि विषय पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मिटतो.

आजोबांच्या नोंदी शोधण्याचं हे काम एकेका घराने आपापल्या परीने करायचं नाही, मंडळाने करायचं आहे, आणि वेळ फार नाही, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, आपण चुकीच्या दारात उभे राहतो. इथे कुणालाही विचारा, 'क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बघा' असा सल्ला मिळतो. तिथे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवेच्या फायली आहेत, त्याही अर्ध्यामुर्ध्या. सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडून निम्म्याहून जास्त जळाल्या. पण जळाल्या नसत्या तरी आपला काही फायदा नव्हता. हिंदी सैन्य ही वेगळी फौज होती. तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे कागद इंडिया ऑफिसमार्फत लंडनला आले, ते आज ब्रिटिश लायब्ररीत बघता येतात. शिपायाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची नोंद, मात्र त्याच्या पलटणीच्या डेपोतच राहिला आणि १९४७ नंतर भारतीय लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसकडे गेला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. बॉम्बे सॅपर्सचा शिपाई असेल तर चौकशी खडकीला. म्हणजे नावाआधी पलटण माहीत हवी. ती चुकली की पत्र चुकीच्या गावी जातं आणि 'नोंद आढळत नाही' असं छापील उत्तर येतं. घरचे समजतात, आजोबा थापा मारत होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पेन्शन न मिळता सैन्यातून बाहेर पडलेल्या जवानाचे कागद २५ वर्षं ठेवायचे आणि मग नष्ट करायचे, असा भारतीय लष्कराचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्यांची फौज २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपताच त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवलं. पेन्शनला १५ वर्षांची नोकरी लागते. चार-पाच वर्षांत सुटलेल्याला ती कुठून असणार? १९४६ साली डिस्चार्ज घेऊन गावी आलेल्या शिपायाची फाइल नियमाप्रमाणे १९७१ नंतर केव्हाही रद्दीत जाऊ शकत होती. यात कुणाचा दुष्टपणा नाही, कारकुनी शिस्त आहे. फाइल गेली तरी लाँग रोल नावाचं रजिस्टर असतं. त्यात नंबर, नाव, भरतीची आणि सुटण्याची तारीख अशी एखादी ओळ सापडू शकते. पण ती शोधायला नंबर लागतो, आणि नंबर आहे घरातल्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर. सरकारी प्रत गेलेली असताना घरातली प्रत हीच मूळ प्रत, आणि ती वाळवीच्या आणि दिवाळीतल्या साफसफाईच्या तोंडी आहे.

गंमत अशी की युद्धात मेलेल्याचा माग जिवंत परतलेल्यापेक्षा सोपा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची युद्धमृतांची यादी फुकट बघता येते. फक्त आडनावाने शोधू नका. हिंदी शिपायांची नावं तिथे बहुधा पहिल्या नावाने लावलेली आहेत आणि पुढे 'अमक्याचा मुलगा, गाव अमुक, जिल्हा रत्नागिरी' असा तपशील असतो. गावाच्या नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात मरण आलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या हिंदी शिपायांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपाई आणि हवालदारांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. अशी ३३ हजारांच्या वर माणसं. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली. दगडावर नसलेली ही नावं यादीत मात्र सापडतात, म्हणून शोधायची.

आणि बसरा हा आपला विषय आहे. मेसोपोटेमियात लढलेल्या जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ती कुट-अल-अमाराला वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. कैद्यांतले कित्येक हिंदी शिपाई रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. घरात 'खापरपणजोबा तुर्कांच्या कैदेत होते' अशी कथा असेल तर ती उडवून लावू नका, तिला आधार असू शकतो. फक्त १९२२ साली या पलटणींचे नंबर बदलले, हे लक्षात ठेवा. ११० ची तिसरी बटालियन, पाचवी मराठा झाली, ११७ ची पाचवी. बाप-लेक एकाच पलटणीत असूनही कागदावर दोन वेगळ्या पलटणी दिसतात, त्या अशा.

पलटण आणि साल कळलं की क्यूला जरूर जा, कारण पलटणीची रोजनिशी तिथे आहे. मात्र अपेक्षा बेताची ठेवा. रोजनिशी अधिकारी लिहीत असे. लेफ्टनंटला ताप आला तरी त्याचं नाव येतं. आपला माणूस पडला तर 'दोन आय. ओ. आर. ठार', इंडियन अदर रँक्स. त्या दोघांतला एक आपला होता का, हे त्या तारखेशी कमिशनच्या यादीतली तारीख जुळवूनच ठरतं. वेळखाऊ काम आहे, पण एका पलटणीचं एकदा केलं की त्या पलटणीतल्या सगळ्या घरांचं होतं. मंडळाने करावं म्हणतो ते यासाठी.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: साम्राज्याच्या चाकरीचे पोवाडे कशाला? पोवाडे कुणीच गाऊ नयेत. पण कोणाला फौजेत घेतलं आणि कोणाला काढलं, हा आपल्याच समाजाचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ नंबरची महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार होते. महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांना झगडावं लागलं, तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. नोंदी न शोधता हा हिशेब कसा मांडणार? मंडळाच्या हॉलमध्ये 'शूर मराठी वीरांना' अशी मोघम पाटी लावण्याचा एक प्रस्ताव मध्यंतरी आला होता. माझा त्याला विरोध आहे. बसऱ्याला आकडे कोरले म्हणून आपण रागावतो, आणि आपण तर आकडाही न मोजता पाटी लावायला निघालो.

पंजाब्यांनी काय केलं बघा. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी शिपायांची गाववार रजिस्टरं पडून होती, सुमारे ३ लाख २० हजार नावांची. इंग्लंडमधल्या पंजाबी लोकांच्या संस्थेने ग्रीनिच विद्यापीठाला सोबत घेतलं आणि २०२१ मध्ये पहिल्या तीन जिल्ह्यांची नावं सर्वांना खुली केली. आपल्याकडे तसं आयतं रजिस्टर हाताशी नाही. पण सातारा-रत्नागिरीच्या कित्येक गावांत 'या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत' अशी शिळा आहे, आणि त्या गावांची माणसं आपल्या मंडळात आहेत. क्यू आणि ब्रिटिश लायब्ररी आपल्याला आगगाडीच्या अंतरावर, ट्रंका आपल्या काकांच्या माळ्यावर. अशी सोय बेळगावच्या माणसाला नाही आणि लंडनच्या इतिहासकारालाही नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे; पासपोर्ट बदलला असेल तर अर्ज गावाकडच्या पुतण्याच्या नावाने करा. आजोबा किंवा आजी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून महायुद्धाचं मानधन घेत असतील, तर तिथल्या फाइलीत डिस्चार्जची प्रत लावलेली असण्याची शक्यता आहे. तिथेही विचारा.

पदकं मोडीत घालू नका. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, भिंगाने वाचा. आपल्या एका सभासद काकूंकडचं पदक काशाचं निघालं. घरच्यांना वाटलं, चांदीचं कुणीतरी लांबवलं. तसं नव्हतं. चांदीचं शिपायाला, काशाचं मजूर आणि हमालांना, असा सरकारी भेद होता. कडेवर 'कुली' वाचून घर जरा गप्प झालं; तलवारीची गोष्ट ऐकत वाढलेली माणसं ती. मला विचाराल तर त्या काशाच्या पदकाची नोंद आपल्या यादीत सर्वांत आधी व्हावी, कारण त्या माणसांचे कागद कुणीच जपले नाहीत.

या अंकासोबत एक फॉर्म आहे. शिपायाचं नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, पलटण, नंबर, एवढंच भरायचं आहे. सोबत डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा आणि पदकाच्या कडेचा फोटो पाठवा. ऐकीव माहिती असेल तर पुढे 'ऐकीव' लिहा, माहीत नसेल तो रकाना कोरा सोडा. आणि ज्यांचे आई-वडील, काका-मामा ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी फॉर्मची वाट न बघता याच रविवारी गावी फोन लावा.