जनुकांचें मौन आणि यकृताचा व्रण

वर्गांत एक मुलगा एकसारखा ओरडत असेल, तर शिक्षकास दोन प्रश्न पडले पाहिजेत. इतरांचा अभ्यास न बुडवितां ह्याला गप्प कसें करावें, हा पहिला; आणि तो ओरडतो कां, हा दुसरा. यकृताच्या एका रोगावरील नव्या संशोधनाविषयीं वाचतांना मला ह्या दोन प्रश्नांची वारंवार आठवण झाली.

यकृताला इजा झाली, तर तें ती स्वतःच भरून काढतें. परंतु मद्य, काविळीचे ब आणि क हे विषाणु, किंवा यकृतांत साठलेली चरबी ह्यांमुळें ती इजा वर्षानुवर्षें चालूच राहिली, तर व्रण भरण्याचें कार्यच अपायकारक होतें. यकृतांत ताराकार पेशी असतात. एरव्हीं त्या अ जीवनसत्त्वाचा सांठा करून स्वस्थ असतात. पण सततच्या इजेनें त्या चेततात व कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे चिवट तंतु निर्माण करूं लागतात. मऊ यकृतांत ह्या तंतूंचें जाळें पसरणें, ह्यालाच फायब्रोसिस म्हणतात. तें वाढत गेल्यास यकृत कठीण होतें, आणि शेवटीं पुष्कळदां दुसऱ्याचें यकृत बसविण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

प्रथिन बनविण्याचा हुकूम जनुकांत असतो, आणि त्याची नक्कल आरएनए ह्या रूपानें पेशीच्या कामकाजांत जाते. १९९८ सालीं अँड्र्यू फायर व क्रेग मेलो ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखविलें कीं, त्या नकलेशीं जुळणारा दुपदरी आरएनए आंत घातल्यास पेशी स्वतःच ती नक्कल नष्ट करते. जनुक जागच्या जागीं राहतें. त्याचा आवाज मात्र बंद पडतो. २००६ सालीं ह्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या तत्त्वावरील पहिलें औषध २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें मात्र एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावरचें आहे.

मग फायब्रोसिसला हाच उपाय कां लागूं करूं नये? अडचण अशी कीं, कोलॅजेन त्वचेला व हाडांनाही हवें असतें. एका मुलासाठीं सगळी शाळा मुकी करून चालणार नाहीं. ह्यावर जपानी संशोधकांनीं सुंदर युक्ति काढली. कोलॅजेनच्या घडणीस साहाय्य करणाऱ्या प्रथिनाचा हुकूम दाबणारा आरएनए त्यांनीं चरबीच्या अतिसूक्ष्म पुटकुळ्यांत भरला, आणि त्यांवर अ जीवनसत्त्व लावलें. त्या जीवनसत्त्वाच्या ओढीनें ताराकार पेशींनीं औषध आपण होऊन आंत घेतलें! २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत उंदरांच्या यकृतांतील तंतु ओसरले. पुढें माणसांवरही चाचण्या झाल्या. तथापि फायब्रोसिससाठीं असें औषध अद्याप मान्य झालेलें नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें दृष्टिपथांत येत आहे. पण दुसऱ्याचें काय? शेजारी चिमटे काढीत असेल, तर मुलाच्या तोंडावर हात ठेवून काय साधणार?

कोणी म्हणतील, मग इतका खटाटोप हवा कशाला? तेंही मला मान्य नाहीं. इजा थांबूनही ज्याच्या यकृतांत व्रण उरला, त्याला अशा औषधाची नितांत गरज आहे. परंतु उद्यांच्या औषधाच्या आशेवर आजची इजा चालूं ठेवणें, हा निव्वळ आत्मघात होय. क विषाणु बहुतेक रोग्यांत कांहीं आठवड्यांच्या गोळ्यांनीं नाहींसा होतो. ब विषाणूवर लस आहे. २०११ पासून ती आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणांत सर्वत्र दिली जाते. मूळ कारण दूर झालें, म्हणजे पुष्कळांचा व्रणही हळूहळू ओसरतो.

म्हणून पालकांनीं आपल्या मुलांची लसीकरणाची नोंद आजच काढून पाहावी, आणि घरांत मद्य शिरत असेल तर त्याचा निःसंकोच विचार करावा. विद्यार्थ्यांनीं मात्र तो कृमि विसरूं नये. एका क्षुद्र जिवाकडे कोणीतरी लक्षपूर्वक पाहिलें, म्हणून आज यकृताच्या रोग्यास आशा वाटते.