बिजागरीचा घसारा

दाराची बिजागरी कुरकुरली तर आपण तिला दोन थेंब तेल घालतो, निखळली तर सुताराला बोलावतो. दारच फेकून द्यावे असे कुणाच्या मनात येत नाही. मग प्लॅस्टिकच्या पेटीची बिजागरी तुटली की अख्खी पेटी भंगारात का जाते?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण आमच्या रत्नागिरीत तो तसा नाही. जून ते सप्टेंबर येथे चामड्याच्या चपलेपासून पुस्तकाच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळ्याला बुरशी धरते. पेटीचे झाकण नीट बसते की नाही, यावर आतल्या वस्तूचे आयुष्य ठरते. माझ्याकडच्या ध्वनिफितींपैकी तीन फितींवर आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. पेटी बाजारात दुसरी मिळेल. त्या फितींना बुरशी लागली तर तो आवाज कुठल्या बाजारात शोधायचा?

या बिजागऱ्या दोन जातींच्या. कॅसेटची पारदर्शक डबी पॉलिस्टायरिनची. ते कडक आणि ठिसूळ. डबी हातातून पडली की झाकणाचा इवलासा कान तुटतो. पण योग्य द्रावणाने ते विरघळते, म्हणून तुकडा जपून ठेवला असेल तर सांधता येतो. दुसरी जात हत्यारांच्या वा औषधांच्या पेटीची. तिच्यात खिळा नसतो. झाकण आणि पेटी एकसंध आणि मध्ये पातळ रेघ. हे पॉलिप्रोपिलीन. जुलियो नत्ता यांनी १९५४ साली मिलानमध्ये त्याचे स्फटिकी रूप तयार केले आणि १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासह नोबेल मिळवले. साच्यातून निघालेली रेघ गरम असतानाच वाकवली की तिच्यातील लांबलचक रेणू एका दिशेने लागतात आणि ती लाखो उघडझापी सोसते. तिचा वैरी म्हणजे ऊन. आणि एकदा तुटली की नेहमीचा कोणताही गोंद तिला धरत नाही.

धरत नसेल तर शिवावी. तापवलेल्या सुईने दोन्ही कडांना, काठापासून थोडे आत, समोरासमोर भोके पाडावीत आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे टाके घालत तंगुसाने ओवावे. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. टाका फार आवळू नये, एवढेच पथ्य.

‘मजुरी पेटीपेक्षा महाग पडते’ असे सांगितले जाते. हिशेब बरोबर आहे, पण अपुरा. बँकेत उमेदीची वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, पुस्तकात घसारा धरून यंत्राची किंमत शून्यावर आली तरी यंत्र चालतच असते. आणि कर्ज बुडीत लिहिण्याआधी वसुलीची निदान एक नोटीस तरी निघते. पेटीच्या वाट्याला तेवढीही येत नाही. उन्हाने सगळीच पिठूळ झालेली पेटी टाकावी, याबद्दल वाद नाही. पण अंग धडधाकट आणि एक रेघ तुटलेली पेटी टाकणे ही उधळपट्टी आहे.

महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार केला. पेट्या त्यात नाहीत. महाग वस्तूंपासून सुरुवात व्हावी हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या घरात मोटार नाही त्याच्याही घरात चार पेट्या असतातच.

उत्पादकांकडे मागणी फार मोठी नाही. मोठ्या पेट्यांना काढता-घालता येणारी, खिळ्याची बिजागरी बसवावी आणि ती सुटी विकावी. जुन्या लोखंडी ट्रंकेला ही सोय होतीच. कायदा येईल तेव्हा येईल; तोवर पेटी घेताना दुकानदाराला ‘बिजागरी वेगळी मिळते का?’ असे विचारत राहावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी दुकानदार ती मागवू लागतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.