वडाखाली कोण पाहणार?

गेल्या महिन्यात बारडोलीस जाण्याचा योग आला. तेथे आमच्या भाच्याने एका स्नेह्यांच्या आमराईवर ड्रोन उडवून दोनशेक छायाचित्रे घेतली. प्रत्येक चित्रात शेजारच्या चित्राचा बराच भाग पुन्हा येईल, अशा बेताने. आगगाडीच्या खिडकीतून जवळचा खांब पळतो आणि दूरचा डोंगर जागीच राहतो, तोच येथला न्याय. उंच शेंडा दोन चित्रांत अधिक सरकतो, जमीन कमी. त्या फरकावरून संगणक उंची काढतो आणि पडद्यावर आमराई उभी राहते. मी थक्क झालो, हे कबूल करतो.

परंतु कडेचा जुना वड पडद्यावर हिरव्या उशीसारखा बसला होता. पारंब्या नाहीत, खोड नाही, पार नाही. कॅमेऱ्याला वरची पाने दिसतात. पानांखालचे दिसत नाही. लेसरचे किरण फटींतून खाली पोचतात, पण दाट वडाखाली तेही थोडेच.

रस्तारुंदीत हा वड जाणार, अशी तेथे बोलवा आहे. "प्रतिकृती तर राहीलच की!" असे एका गृहस्थांनी समाधानाने सांगितले. माझे भांडण आहे ते या समाधानाशी.

मौलाबक्षांनी आपल्या बडोद्यात गाणे स्वरलिपीत उतरविले, त्याचे ऋण मी रोज फेडतो. विद्यार्थ्यांना चीज लिहून देतो. मींड मात्र गळ्यानेच द्यावी लागते. वही आहे म्हणून गवई नको, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

वरून मोजण्याची ही सवय सरकारी हिशेबातही आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहचित्रांवरून वनावरण मोजते. एक हेक्टर वा अधिक जागेवर झाडांच्या माथ्यांनी १० टक्के छाया धरली की ती जागा वनावरणात जमा. झाडे कोणाची, कोणत्या जातीची, हा प्रश्न नाही. म्हणजे बारडोलीची आमराई आणि पिलाजीरावांच्या सोनगडाकडील सागाचे रान एकाच बेरजेत! वडासारखे एकटे झाड गेले तर त्या बेरजेला खबरही लागायची नाही. वडावरून नाव पडलेल्या शहरातील आपण तरी ती ठेवावी.

प्रतिकृती अवश्य करा, पण सोबत झाडाखाली जाऊन घेर मोजा, जुन्या माणसांना विचारा, लिहून ठेवा. भाच्याला टेप घेऊन पाराशी बोलाविले. टेप पुरेना, शेवटी रखवालदाराने विहिरीचा दोर आणून दिला.