ज्यांना कुणी विचारलं नाही

यंदाच्या अंकाची सुरुवात आम्ही अशा एका दानापासून करतो आहोत, ज्याचा लाभार्थी बोट दाखवून सांगता येत नाही. मूत्रपिंड मिळालेला माणूस पुन्हा कामावर जाताना दिसतो, नेत्रदानाने कुणाला तरी दिसू लागतं. पण वडिलांचा मेंदू संशोधनासाठी देणाऱ्या मुलांना यातलं काहीच पाहायला मिळत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरील संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. नातेवाइकांच्या संमतीने, मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर मेंदू काढून घेतात. अशा पेढ्यांत साधारणपणे त्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि काही उणे ८० अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. अल्झायमरने, पार्किन्सनने पेशींचं नेमकं काय केलं, याची खात्री अजूनही सूक्ष्मदर्शकाखालीच होते. उंदरावर भागत नाही, कारण म्हातारपणी त्याला माणसासारखा अल्झायमर आपोआप होत नाही. आजारी मेंदूइतकाच निरोगी मेंदूही हवा असतो, नाहीतर ताडून पाहायचं कशाशी? याच संस्थेच्या संग्रहालयात तुमच्याआमच्यासारख्यांनाही खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. शाळकरी मुलांना तिथे जरूर न्यावं.

हे दान आम्हाला फार मोठं वाटतं. म्हणूनच ते विचारून घेतलेलं असलं पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ या मुलांच्या रुग्णालयात १९८८ ते १९९५ या काळात दगावलेल्या मुलांचे अवयव आईवडिलांना न सांगता काढून ठेवले गेले. हे उघड झाल्यावर अवयव टप्प्याटप्प्याने परत आले आणि काही आईवडिलांना एकाच लेकराचा अंत्यविधी पुन्हा पुन्हा करावा लागला. २००१ च्या चौकशी अहवालाने देश हादरला. पुढे २००४ मध्ये तिथे संमतीला पायाभूत मानणारा कायदा झाला. संशोधन चांगल्या हेतूने चाललं होतं, एवढ्याने त्या आईवडिलांचं समाधान कसं व्हावं?

आपल्याकडेही मान खाली घालावी असं काही आहे. आपला १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदा प्रामुख्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्यासाठी झाला. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या अशा माणसांच्या देहांवर शिकल्या. फुटपाथवर, सरकारी वॉर्डात एकट्याने गेलेली ही माणसं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या शिकवणीचा फायदा आपण सगळ्यांनी घेतला आहे. तो भार पुढेही निराधारांवरच टाकायचा नसेल, तर ज्यांना घरदार आहे, ज्यांना विचार करून हो म्हणता येतं, त्यांनी पुढे यायला हवं.

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या अ‍ॅनाटॉमी विभागात मिळतो. मात्र सही करून तो कपाटात ठेवणं पुरेसं नाही. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, काही संसर्गजन्य आजारांतही नकार मिळतो. आणि ऐन वेळी फोन करायचा असतो तो घरच्यांनी. आईने अर्ज भरला, पण मुलगा अंत्यविधीवर अडून बसला, तर महाविद्यालय देह नेत नाही. मुलाचंही पूर्ण चुकतं असं नाही, कारण त्याच्याशी आधी कुणी बोललेलंच नसतं.

दिवाळीत माणसं घरी आलेली असतात. फराळ झाल्यावर आईला, वडिलांना, काकांना त्यांची इच्छा विचारा आणि आपलीही सांगा. कुणी ‘मला नको’ म्हणालं, तर वाद घालू नका. वेळ येईल तेव्हा तो नकारही तुम्हालाच पाळायचा आहे.