मार्कांचा नवस नको, प्रार्थना हवी

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि बहुतेक वर्षी उपवासकाळही नेमका तेव्हाच पडतो. त्यामुळे आपल्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत अभ्यास आणि प्रार्थना दोन्हींचा जोर एकदम वाढतो. वर्षभर संध्याकाळी टीव्हीपुढून न हलणारे घर अचानक गुडघे टेकते. पाळकांना फोन जातो, ‘भक्तीत पोराचं नाव घ्या.’ कुणी माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला विनंतीची चिठ्ठी टाकतो, कुणी माऊंट मेरीला मेणबत्ती बोलतो. यात हसण्यासारखे काही नाही, आईबापाचा जीव आहे तो. पण शिक्षक म्हणून वर्गात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये उभे राहून जे पाहिले, त्यावरून पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

‘देवा, याला नव्वद टक्के पडू देत, मी अमुक करीन,’ असे आपण मोठ्याने म्हणतो आणि शेजारी बसलेले मूल ते ऐकत असते. त्याच्या मनात देव आणि मार्क यांचा हिशेब तिथेच पक्का होतो. पुढे ब्याऐंशी पडले की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: देवाने आपले ऐकले नाही, नाहीतर आपल्याच विश्वासात खोट आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे ओझे टाकू नका. गेथशेमाने बागेत येशूने प्याला टळावा अशी विनवणी केली होती. प्याला टळला नाही. म्हणून ती प्रार्थना वाया गेली, असे कोणताही ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. मग पोराच्या मार्कांच्या बाबतीतच आपण असा रोखठोक हिशेब का मांडतो?

उपवासाचेही तसेच. पेपरच्या दिवशी उपाशी पाठवलेली मुले मी पाहिली आहेत. अकरा वाजता पेपर सुरू होतो आणि तासाभरात पोरगी डोके धरून बसते. कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियम असा आहे की उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते. मांसाहार टाळण्याचे बंधन चौदा पूर्ण झाल्यावर लागते. तेव्हा दहावीच्या मुलीला राखेच्या बुधवारी मटण वाढू नका, पण भाकरी-भाजी पोटभर खाऊ घाला. उपवास तुम्ही करा.

आता खुद्द परीक्षेच्या हॉलमधली प्रार्थना. ती कशी असावी, हे नहेम्याच्या पुस्तकात पाहावे. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. राजाने एकाएकी विचारले, ‘तुला काय हवे?’ उत्तर देण्याच्या आधी त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच बोलायला लागला. एका श्वासाइतकीच ती प्रार्थना असणार, कारण राजा काही थांबून राहणार नव्हता. पण तिच्यामागे काय होते तेही पाहा. किसलेव महिन्यात यरुशलेमेची बातमी कळल्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, हा माणूस त्याच गोष्टीसाठी झुरत आणि प्रार्थना करीत होता. शिवाय तटबंदीला लाकूड किती लागेल, वाटेतल्या अधिकाऱ्यांची पत्रे कोणती लागतील, हेही त्याने आधीच योजून ठेवले होते. राजाने विचारताच यादी तयार! प्रार्थना आणि तयारी त्याच्याकडे वेगवेगळ्या खात्यांत नव्हती. आपली पोरे मात्र कधीकधी एकीवर दुसरीची उधारी करतात.

एक बारीकशी गोष्ट. काही मुले उत्तरपत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटासा क्रूस काढतात, जशी इतर मुले ‘श्री’ लिहितात. भावना चांगली, पण उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी कोणतीही खूण करायची नसते. अंगठ्याने कपाळावर क्रूस करायला कोणी अडवत नाही. कागद कोरा ठेवावा.

या प्रार्थनेची सवय परीक्षेच्या आठवड्यात लागत नाही. इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघीयांना दिवसातून दोनदा आत्मपरीक्षणाची शिस्त घालून दिली. तिचे साधे घरगुती रूप मुलांना सहज जमते. रात्री दप्तर भरून झाले की पाच मिनिटे बसायचे. आज काय चांगले झाले, त्याबद्दल आभार. आज काय चुकले, ते नाव घेऊन सांगायचे: गृहपाठ मित्राच्या वहीतून उतरवला, डबा एकट्याने खाल्ला, नव्या मुलाला चिडवले. मग क्षमा, आणि उद्यासाठी एक मागणे. आईवडिलांनीही स्वतःची चूक मुलांसमोर सांगावी, नाहीतर मुलांना ही उलटतपासणी वाटते. वर्षभर असे बसणाऱ्या मुलाला पेपरमध्ये शेजाऱ्याच्या पानावर नजर टाकताना अवघडल्यासारखे होते. मला विचाराल तर एवढे साधले तरी प्रार्थनेने शाळेत आपले काम केले.

जे लोक चर्चच्या शाळा चालवतात, त्यांना वेगळे सांगायचे आहे. आपल्या शाळांतली बहुतेक मुले ख्रिस्ती नसतात. संविधानाच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. पण 28 वे कलम हेही सांगते की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी लोकांना दिसावे म्हणून केलेली प्रार्थना येशूला आवडत नव्हती. त्याने खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितले. मग रांगेतल्या हिंदू-मुसलमान पोराला ‘हात जोड’ म्हणून दटावून आपण कोणाची सेवा करतो? परिपाठात शेवटी मौन असते ना, तेवढे नीट पाळा. त्या मिनिटात ज्याला ज्याच्याशी बोलायचे आहे, तो बोलेल. ख्रिस्ती मुलांसाठी मधल्या सुट्टीत चॅपल उघडे ठेवा, आणि तिथेही हजेरी घेऊ नका.

आपले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल आणि परिपाठात दुसऱ्या देवांची स्तुती येत असेल, तर पुष्कळ पालक एकतर गप्प बसतात, नाहीतर तणतणत मुख्याध्यापकांकडे जातात. तिसरी वाट दानीएलाची. बाबेलच्या राजाच्या शाळेत तो तीन वर्षे परक्यांची भाषा आणि विद्या मन लावून शिकला. एका गोष्टीवर मात्र तो अडला, ती राजाच्या ताटातल्या अन्नाची. तिथेही त्याने आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्याला विनंती केली, दहा दिवस कडधान्य आणि पाण्यावर पाहा म्हणाला. साने गुरुजींची प्रार्थना आपल्या मुलाने मोकळ्या गळ्याने म्हणावी, तिच्यात आपल्याला खटकण्यासारखे काही नाही. जे मनाला पटत नाही, तिथे त्याने शांत उभे राहावे. तसे वर्गशिक्षकांना आधीच भेटून, चहा पिऊन सांगून ठेवा. बहुतेक गुरुजी समजून घेतात.

राहता राहिला निकाल. तो आता मोबाइलवर येतो, सगळ्या घरादारासमोर. त्या दिवशी आसनक्रमांक टाकण्याआधी मुलाला जवळ बसवा आणि आधी आभार माना. मार्क दिसल्यावर मानलेल्या आभारांचे वजन मुलाला बरोबर कळते. निकाल वाईट लागला तर पुरवणी परीक्षा आहे, तिचा अर्ज वेळेत भरा. आणि काहीही लागले, तरी नातेवाइकांना फोन दुसऱ्या दिवशी करा.