नोकरीनंतर वित्तशास्त्रात पीएचडी

वित्तशास्त्रातली पीएचडी संशोधक आणि प्राध्यापक घडवण्यासाठी असते. त्यामुळे बँकेत किंवा म्युच्युअल फंडात काही वर्षे काढून तिकडे वळणाऱ्याला अभ्यासाची वेगळी सवय लावून घ्यावी लागते.

भारतात दोन वाटा आहेत. पहिली पूर्णवेळ, उदाहरणार्थ आयआयएममध्ये, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये. 2017च्या आयआयएम कायद्यापूर्वी या संस्था पीएचडीऐवजी ‘फेलो’ ही उपाधी देत. त्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. सुरुवातीला सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थमिती यांचे वर्ग होतात, मग पात्रता परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध. विद्यावेतन मिळते, पण ते अनुभवी माणसाच्या पगाराच्या जवळपासही नसते. दुसरी वाट अर्धवेळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार त्यासाठी मालकसंस्थेचे ना-हरकत पत्र लागते आणि किमान तीन वर्षे द्यावी लागतात.

अनुभवाचा खरा उपयोग प्रश्न सुचण्यासाठी होतो. कर्जविभागातल्या अधिकाऱ्याला एक प्रकार ओळखीचा असतो: हप्ता थकून 90 दिवस भरत आले, की बँक त्याच कंपनीला नवे कर्ज देते, त्यातून जुना हप्ता भरला जातो आणि खाते अनुत्पादित ठरत नाही. अधिकाऱ्याला हे पाहून कळते. संशोधकाला ते सिद्ध करावे लागते. नवे कर्ज थकबाकी झाकण्यासाठी होते की धंद्याची खरी गरज होती, हे वेगळे काढण्यासाठी हजारो कंपन्यांचे ताळेबंद लागतात. शिवाय बाहेरून बसलेला एखादा धक्का, म्हणजे बँकेने किंवा कंपनीने स्वतः न ठरवलेला बदलही लागतो. रिझर्व्ह बँकेने 2015मध्ये सुरू केलेली बँकांच्या कर्जांची मालमत्ता गुणवत्ता तपासणी हा तसा धक्का होता. तिच्या आधीचे आणि नंतरचे कर्जवाटप ताडून पाहता येते. इथे नुसता अनुभव पुरत नाही. गणित आणि प्रोग्रॅमिंग लागतेच.

राजीनामा देण्यापूर्वी कलनशास्त्र आणि संख्याशास्त्राची उजळणी करावी, ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधले दोन-तीन शोधनिबंध तक्त्यांसकट वाचावेत आणि स्वतःचा प्रश्न दोन पानांत मांडून पाहावा. मार्गदर्शकही त्या प्रश्नावर काम करणाराच निवडावा. बढतीसाठी सीएफएसारखी पात्रता अधिक सरळ ठरते. मात्र कामात भेटलेला प्रश्न वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नसेल, अध्यापनाची ओढ असेल आणि घरखर्चाची तजवीज झाली असेल, तर वयाकडे न पाहता अर्ज जरूर भरावा.